चिप लिहितेय, फोन करू नका!

ऑफिसचे किस्से साठतात कसे, हे मला अजून कळलेलं नाही. घडत असतं तेव्हा तो किस्सा नसतोच, नुसता वैताग असतो. मग वर्षं जातात, माणसं पांगतात, आणि कधीतरी जुन्यांपैकी कुणी भेटतं आणि हसत हसत एवढंच म्हणतं, “दहा मिलिसेकंद!” झालं! त्यानंतर दोन तास आमच्या टेबलावर दुसऱ्या कुणाला बोलायची सोय नसते. माझा नवरा तर हल्ली आमच्यातलं कुणी येणार म्हटलं की आधीच जेवून घेतो.

थोडी ओळख करून देते, नाहीतर तुम्हीही जेवून घ्याल. नोएडात आमची एक छोटी कंपनी होती. आमची म्हणजे भाटिया साहेबांची, आम्ही आपले राबायचो. देशाची दारं नुकती उघडली होती, दिल्लीच्या चारी बाजूंना सोसायट्या उगवत होत्या आणि प्रत्येक सोसायटीला इंटरकॉम हवा होता. घराघरांतले फोन एकमेकांना जोडून देणारी पेटी आम्ही बनवायचो. कुठल्या घराचा फोन कुठल्या तारेवर, ही यादी त्या पेटीतल्या एका फ्लॅश चिपमध्ये लिहिलेली असायची. वीज गेली तरी ही चिप लिहिलेलं विसरत नाही, आणि आमच्याकडे वीज जाणं हा रोजचा कार्यक्रम, त्यामुळे चिप सर्वांची लाडकी. फक्त तिच्यात लिहायचे नियम होते. वेळेचे नियम. लग्नाच्या मुहूर्तालासुद्धा पाच-दहा मिनिटं इकडेतिकडे चालतात हो, हिला सेकंदाचा हजारावा भागही चालत नसे!

* * *

पहिला किस्सा माझ्या इंटरव्ह्यूचा. मी सांगलीहून इंजिनिअर होऊन आले होते आणि दिल्लीत मुनिरकाला एका खोलीत यूपीएससीची तयारी करणाऱ्या दोघी मुलींबरोबर राहत होते. दोन बस बदलून नोएडाला पोचेपर्यंत माझा अवतार बघण्यासारखा झाला होता.

टेबलापलीकडे दोघं जण. एक मालक भाटिया साहेब, एकाच वेळी दोन फोनवर बोलणारे. दुसरे काळसेकर सर. हार्डवेअरचे प्रमुख, वय एक्कावन्न, आर. के. पुरमचं क्वार्टर आणि सरकारी नोकरी दोन्ही सोडून इथे आलेले. त्यांनी माझ्या मार्कशीटकडे ढुंकूनही पाहिलं नाही. विचारलं, “चिपमध्ये एक पान लिहिलंस. पुढे काय करशील?”

मी झटक्यात सांगितलं, की दुसरं लिहीन.

“चूक. थांबशील.”

मला असा राग आला! सांगलीहून इतक्या लांब येऊन थांबायचं? मी जरा तिखटपणेच विचारलं, की किती थांबू. सर पहिल्यांदा हसले. म्हणाले, जास्तीत जास्त दहा मिलिसेकंद, म्हणजे एका सेकंदाचा शंभरावा भाग. तेवढ्या वेळात चिप आतल्या आत लिहीत असते, तिला दुसरं काही सांगायला गेलं तर ती ऐकत नाही. उत्तर चुकलं तरी चालेल, म्हणे, पण ‘किती’ असं विचारणारी मुलगी आज पहिल्यांदा आली.

भाटिया साहेबांनी एक फोन खाली ठेवून मी कधीपासून येणार ते विचारलं. मी पंधरा दिवस मागितले, आधी घरी जाऊन यायचं होतं. त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. तेव्हा काळसेकर सर म्हणाले, “ले लीजिए सर. रुकना जानती है.”

* * *

आता, ही थांबणारी मुलगी पहिल्याच महिन्यात थांबण्यामुळेच तोंडघशी पडली.

चिपची माहिती एका जाडजूड पुस्तकात होती. कंपनीत त्याची एकच प्रत, आणि ती भाटिया साहेबांच्या कपाटात कुलपाखाली. त्यातल्या वेळेच्या तक्त्याची फोटोकॉपी मला मिळाली, दिल्लीच्या नेहरू प्लेस बाजारातून काढून आणलेली. पान मोठं, कागद लहान, म्हणून कॉपीवाल्याने वरची पट्टी कापून काम भागवलं होतं. म्हणजे आकडे सगळे होते, पण कुठला आकडा ‘कमीत कमी’ आणि कुठला ‘जास्तीत जास्त’, हे सांगणारी ओळ नेहरू प्लेसमध्येच राहिली!

चिपच्या एका पानात चौसष्ट अक्षरं लिहायची असत. दोन अक्षरांच्या मधल्या वेळेसाठी तक्त्यात लिहिलं होतं, दीडशे मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाचे दहा लाख भाग केले तर त्यातले दीडशे. मी विचार केला, बिचारीला दम घ्यायला एवढा वेळ लागत असेल. आपण घसघशीत दोनशे देऊ. आपल्यात पाहुण्याला वाढताना घाई करतात का? तसं मी एक अक्षर द्यायची, थांबायची, दुसरं द्यायची, थांबायची.

चिपमध्ये दर पानाचं फक्त पहिलं अक्षर उमटायचं. बाकी सगळं कोरं! तीन दिवस मी डोकं आपटत होते. थांबणं कमी पडतंय वाटून दोनशेचे पाचशे केले, पाचशेचे हजार केले. चौथ्या दिवशी सरांनी कपाट उघडवलं, पुस्तक काढलं आणि माझ्यासमोर ठेवलं. तो दीडशेचा आकडा ‘जास्तीत जास्त’च्या रकान्यात होता.

मुनिरकाच्या स्टॉपवर ब्लूलाइन बस येते, तसं होतं ते सगळं. ती थांबत नाही, हळू होते. तेवढ्यात सगळ्यांनी भराभर चढायचं. दोन माणसांच्या मध्ये जरा फट पडली की कंडक्टर पत्र्यावर थाप मारतो आणि गाडी सुटते. मग पुढच्या स्टॉपपर्यंत बोंबला! चिप दीडशे मायक्रोसेकंद नवीन अक्षराची वाट बघते, नाही आलं तर दार लावून आतलं लिहायला बसते, आणि त्या पानावर जी अक्षरं आलीच नाहीत त्यांच्या जागा कोऱ्या होतात.

सर एवढंच म्हणाले, “वर्षा, आधी घाई करायची, मग थांबायचं. तू उलट केलंस.”

आईला फोनवर हे सांगितलं तर ती म्हणाली, की जन्मभर तुला मी हेच सांगत आलेय.

* * *

चिप लिहीत असताना तिचं संपलं की नाही हे ओळखायची एक युक्ती त्या पुस्तकात होती. तिला तोच प्रश्न दोनदा विचारायचा. ती कामात असेल तर एकदा ‘हो’ म्हणते, लगेच दुसऱ्यांदा ‘नाही’ म्हणते. दोन्ही वेळा एकच उत्तर आलं, की समजायचं, लिहून झालं.

हे वाचल्यावर मला पहिल्यांदा आठवले ते भाटिया साहेब! दोन फोन कानाला लावलेले असताना त्यांना काही विचारलं, तर आधी ‘हाँ हाँ’, मग ‘नहीं नहीं’. आम्ही ऑफिसात नियमच करून टाकला. सुट्टी मागायची तर दोनदा विचारायचं. दोन उत्तरं वेगळी आली तर चहा पिऊन परत जायचं.

गणपतीला मला घरी जायचं होतं. मी केबिनमध्ये गेले, विचारलं. “नहीं.” मला आनंद झाला, म्हटलं आता ‘हाँ’ येणार. पुन्हा विचारलं. “नहीं.” मी पडलेल्या चेहऱ्याने बाहेर आले. सरांनी बघितलं आणि हातातलं सोल्डरिंग आयर्न खाली न ठेवता म्हणाले, “लिहून झालेलं दिसतंय.”

* * *

आता आमच्या पाटीची गोष्ट. ही नीट ऐका, कारण पुढचं सगळं रामायण हिच्यावर आहे.

पहिलं मशीन तयार होत होतं तेव्हाची गोष्ट. मी यादी लिहायचं बटण दाबलं आणि त्याच क्षणी भाटिया साहेबांनी केबिनमधून त्याच मशीनवरचा फोन उचलला. यादीतली काही घरं कोरी झाली. सरांनी उघडून बघितलं तर एक तार सैल होती. त्यांनी ती घट्ट केली. आणि पुन्हा भानगड नको म्हणून भिंतीवर मोठ्या अक्षरांत पाटी लावली, ‘चिप लिख रही है, फोन न करें’. पाटीवर एक लाल बल्ब. मी लिहायला घेतलं की बल्ब लावायचे.

थोड्याच दिवसांत तो आमच्याकडे धर्म झाला! बल्ब लागला की हातातले रिसीव्हर खाली. बोलणारे गप्प. चहावाला दारात थबकायचा. एकदा भाटिया साहेब स्वतः एका मंत्रालयातल्या माणसाशी बोलत होते, तर त्याला म्हणाले, “सर, एक मिनट, चिप लिख रही है,” आणि फोन ठेवून दिला. नवीन आलेल्या माणसाला संडास कुठे ते नंतर सांगत, बल्बचं आधी.

आम्हाला या शिस्तीचा फार अभिमान होता. मशीन आमच्याकडे हजारो वेळा लिहिलं गेलं आणि एकदाही चुकलं नाही.

* * *

मग आली द्वारकेची ऑर्डर. द्वारका म्हणजे दिल्लीच्या टोकाला नव्याने वसत असलेलं उपनगर. काळसेकर सरांनी तिथे एका सोसायटीत फ्लॅट घेतला होता, एकशे एक नंबरचा. त्या वेळची द्वारका म्हणजे रुंद रस्ते, त्यावर माणूस नाही, डोक्यावरून विमानं आणि दाराच्या फटीतून धूळ. सोसायटीला इंटरकॉम हवा होता. सर मीटिंगमध्ये उभे राहिले आणि आमच्या मशीनसाठी शब्द टाकला. म्हणाले, मी बनवलंय, मी इथेच राहतो, पळून कुठे जाणार?

काळसेकर वहिनी मला स्वयंपाकघरात हळूच म्हणाल्या, “सरकारी नोकरी सोडली, मी गप्प बसले. आर. के. पुरम सोडलं, मी गप्प बसले. आता हे मशीन बिघडलं ना वर्षा, तर मी गप्प बसणार नाही.”

उद्घाटनाला लाडू वाटले. फाटकाशेजारच्या खोलीत मशीन बसवलं. ते चालवायला सोसायटीने एक माणूस ठेवला होता, साळुंखे सुभेदार, मूळचे साताऱ्याकडचे, सैन्याच्या सिग्नल्समधून निवृत्त झालेले. कुणी नवीन राहायला आलं, कुणी नंबर बदलून मागितला, की यादीत बदल करायचा हे त्यांचं काम. याआधीच्या मशीनच्या याद्या आम्ही ऑफिसातच लिहून द्यायचो.

पहिले दोन दिवस झकास. तिसऱ्या दिवशी सुभेदारांनी एका घराची नोंद बदलली, आणि भलत्याच दहा घरांचे नंबर गायब!

* * *

गायब म्हणजे कसे गायब, ते सांगायला हवं, कारण तो पराक्रम माझा. यादीत एखादी नोंद कोरी सापडली तर मशीनने काय करावं? प्रोग्रॅम लिहिताना मी ठरवलं होतं, की असा फोन यादीतल्या पहिल्या घरी वाजवायचा. कोरी नोंद कधी असणारच नाही, या खात्रीवर! आणि यादीतलं पहिलं घर कुठलं? एकशे एक. काळसेकर वहिनी.

त्यामुळे सोसायटीतला प्रत्येक हरवलेला फोन वहिनींकडे वाजायला लागला. सकाळी कुणीतरी कुणाला तरी दुधाचं विचारायचं, वहिनी उचलायच्या. दुपारी चौथ्या मजल्यावरच्या आजींना सुनेशी बोलायचं असे, वहिनी उचलायच्या. पहिल्या आठवड्यात त्या संतापल्या होत्या. सर घरी पाऊल टाकत तोच त्या दिवसभराचे सगळे फोन नावानिशी त्यांच्यापुढे मांडत.

दुसऱ्या आठवड्यात वहिनींनी वही केली. कुणाचा निरोप, कुणासाठी, किती वाजता. कुणाची कामवाली आली नाही, कुणाच्या मुलाला ताप आहे, कुणाच्या घरी मुलगी बघायला येणार आहेत, सगळं तिच्यात! आर. के. पुरममध्ये वीस वर्षं त्या शेजाऱ्यापाजाऱ्यांत राहिल्या होत्या, द्वारकेत आल्यापासून दिवसभर भिंतींशी बोलायच्या. आता त्या फोनवर पंजाबी आजींकडून सरसोंचा साग शिकत होत्या आणि तमिळ बाईंना पुरणपोळी सांगत होत्या. लोक पुढे पुढे मुद्दामच विचारायचे, की मिसेस काळसेकर, जरा बताइए, आज पानी का टैंकर आएगा क्या?

सरांना मात्र हे सगळं बघवेना. सोसायटीचे सेक्रेटरी मल्होत्राजी, निवृत्त प्रिन्सिपॉल, त्यांनी नोटीस लावली. पुढच्या जनरल मीटिंगच्या रविवारपर्यंत मशीन नीट झालं नाही तर काढून टाकायचं. भाटिया साहेबांनी तर त्याहून सोपं करून सांगितलं. मशीन परत आलं, तर इंटरकॉमचं खातं बंद. इंटरकॉमचं खातं म्हणजे काळसेकर सर.

* * *

सरांचा संशय विजेवर. लिहिताना व्होल्टेज खाली जात असणार, म्हणून बघायला आम्ही नोएडाहून ऑसिलोस्कोप घेऊन ऑटोने निघालो. विजेचा चढउतार हिरव्या रेघेने पडद्यावर दाखवणारं ते धूड, पंधरा किलो वजनाचं, ते सरांनी अख्खी दिल्ली ओलांडेपर्यंत मांडीवर धरलं होतं.

धौलाकुआँजवळ गाडी अडकली तेव्हा ते माझ्याकडे न बघता बोलले. “वर्षा, तू तरुण आहेस, तुला दहा नोकऱ्या मिळतील. मला परत जायला दार नाही गं.” मी नुसतं त्या यंत्राला एका बाजूने हात लावून धरलं.

सोसायटीत पोचलो तर वेगळाच गोंधळ. पोरांनी बघितलं, काचेचा पडदा असलेली पेटी आली! पाच मिनिटांत फाटकाच्या खोलीत निम्मी सोसायटी. कुणी खुर्ची आणली, कुणी बाळाला मांडीवर घेऊन बसलं. सरांनी यंत्र लावलं, पडद्यावर हिरवी रेघ उमटली. सगळे श्वास रोखून बघताहेत. सरांनी हात वर करून सांगितलं, की दहा मिनिटं कुणीही फोन करायचा नाही. सुभेदारांनी वीस वेळा नोंदी बदलल्या. रेघ सरळच्या सरळ. एकही घर कोरं झालं नाही.

मागून एका आजींनी विचारलं, “बेटा, दूसरा चैनल नहीं है?”

आम्ही यंत्र घेऊन नोएडाला परत आलो, आणि संध्याकाळी वहिनींच्या फोनवर चौदा घरं वाजत होती.

* * *

मीटिंगला तीन दिवस राहिले तेव्हा मी एकटीच द्वारकेला गेले, आणि खरं सांगते, भांडायलाच गेले. माझी खात्री झाली होती, की सुभेदार चुकीची बटणं दाबतात. मी तसं त्यांच्या तोंडावर सांगितलं. आज आठवलं की लाज वाटते.

सुभेदार शांत होते. स्टूल पुढे केलं, म्हणाले बसा. मग म्हणाले, “मॅडम, एक इचारू? तुम्ही आला की हे मशीन गुमान चालतंय. कधी बिघडलंय का तुमच्यासमोर?”

मी म्हटलं, नाही, कारण मी बरोबर बटणं दाबते.

“तसं न्हाई. तुम्ही आला की काळसेकर साहेब सगळ्यांना फोन बंद ठेवाय सांगत्यात. मी एकटा असलो की लोक फोन करत्यात. सिग्नलला आमाला पहिला धडा हा, की लिहून घेणाऱ्याला मधी हाक मारायची न्हाई, पुढचं अक्षर चुकतंय. पण लढाईत कोण थांबतंय, मॅडम? तुमी हे मशीन कवा गडबडीत बघितलंच न्हाई.”

मी उठलेच. पाटी, बल्ब, थांबलेला चहावाला, मंत्रालयातला माणूस, सगळं एका क्षणात डोळ्यांपुढून गेलं. एक नोंद बदलायची तरी चिपमधलं सोळा घरांचं अख्खं पान नव्याने लिहावं लागे. मशीन लिहीत असताना कुणी फोन उचलला, की मशीनचा मेंदू हातातलं अक्षर टाकून आधी फोनकडे धावत होता. का? तर मीच तसं लिहिलं होतं. परत येईपर्यंत दीडशे मायक्रोसेकंद उलटून जात. चिप दार लावून मोकळी! पानातली उरलेली घरं कोरी. आणि लिहून झाल्यावर पडताळा घेताना मी फक्त बदललेली नोंद वाचत होते, त्या पानावरची शेजारची पंधरा घरं कधी बघतच नव्हते.

एवढी वर्षं आम्ही मशीन सुधारत नव्हतो. आम्ही आजूबाजूची माणसं गप्प करत होतो.

मी धावत एकशे एकमध्ये गेले. वहिनींच्या हाताला कणीक होती. त्यांना म्हटलं, काही विचारू नका, फोन उचलायचा, ठेवायचा, उचलायचा, ठेवायचा, मी थांब म्हणेपर्यंत. वहिनींनी कणकेच्याच हाताने सुरुवात केली. इकडे सुभेदार एकेक नोंद बदलत होते. पहिली ठीक, दुसरी ठीक, तिसऱ्या नोंदीला नऊ घरं कोरी! मी इतक्या जोरात ओरडले, की पार्किंगमधले दोन ड्रायव्हर पळत आले. आयुष्यात स्वतःची चूक सापडल्यावर एवढा आनंद मला कधीच झाला नव्हता.

दुरुस्ती तीन ओळींची. पानाची चौसष्ट अक्षरं देऊन होईपर्यंत मशीनने कान बंद ठेवायचे. त्याला लागणारा वेळ इतका थोडा, की फोन उचलणाऱ्याला पत्ताही लागत नाही. नंतरचे दहा मिलिसेकंद चिप लिहीत बसते, तेव्हा खुशाल सगळ्यांचं ऐकायचं. आणि पडताळा अख्ख्या पानाचा घ्यायचा. आधी घाई, मग थांबणं! ऑफिसात गेल्यावर सरांनी त्या तीन ओळी दोनदा वाचल्या. मग खुर्चीवर चढून भिंतीवरची पाटी स्वतःच्या हाताने उतरवली.

* * *

रविवारी जनरल मीटिंग. पार्किंगमध्ये शामियाना, तीन-चारशे माणसं. नवीन प्रोग्रॅमची चिप आम्ही पहाटेच बसवून सुभेदारांच्या ताब्यात दिली होती. सरांचा शर्ट पाठीला चिकटला होता.

मल्होत्राजींनी विषय काढल्याबरोबर चार लोक उठले. एकाचं म्हणणं, मशीन काढा. दुसऱ्याचं म्हणणं, मशीनबरोबर काळसेकरांनाही जाब विचारा. मी उभी राहिले आणि सांगितलं, गलती मेरी थी. सरांनी माझं कोपर धरून मला खाली बसवलं. म्हणाले, मशीन माझं आहे, तेव्हा चूकही माझी. आणि मग त्यांनी भलतंच काही मागितलं. त्यांनी सगळ्यांना घरी पाठवलं! म्हणाले, अर्धा तास वाट्टेल त्याने वाट्टेल त्याला फोन करा. सतत करा, सगळे एकदम करा. तेवढ्या वेळात सुभेदार नोंदी बदलत राहतील. एक जरी फोन चुकला, तर मशीन मी स्वतः उचलून नेईन.

तो अर्धा तास! सगळ्या इमारतीतून घंटा वाजत होत्या, खिडक्यांतून हॅलो-हॅलो ऐकू येत होतं, पोरं एकमेकांना फोन करून जिन्यात धावत होती. फाटकाच्या खोलीत सुभेदार ताठ बसून एकामागून एक नोंद बदलत होते आणि मी प्रत्येक पान वाचून बघत होते. सर बाहेर उभे होते. त्यांना आत यायचा धीर होत नव्हता.

एकही घर कोरं झालं नाही.

लोक परत आले ते हसतच. मल्होत्राजींनी मजल्यामजल्याने विचारलं. तळमजला ठीक, पहिला ठीक, दुसरा ठीक, अगदी वरच्यापर्यंत सगळे ठीक. मघाशी जाब विचारणारे गृहस्थ स्वतः येऊन सरांच्या गळ्यात पडले. दोन रांगा मागे भाटिया साहेब बसले होते, त्यांनी मला अंगठा वर करून दाखवला, मग थोड्या वेळाने पुन्हा दाखवला. दोन्ही वेळा एकच उत्तर! सरांनी चष्मा काढून रुमालाने पुसला, आणि ते पुसणं काही संपेना.

मल्होत्राजींनी माइक हातात घेतला. म्हणाले, तर मग मशीन कायम ठेवायचं, असा ठराव आहे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. रीत म्हणून त्यांनी विचारलं, “किसी को कोई ऑब्जेक्शन?”

बायकांच्या बाजूने एक हात वर झाला. सगळ्यांच्या माना वळल्या. सरांचा रुमाल हातातच राहिला.

काळसेकर वहिनी उठून उभ्या राहिल्या. पदर सारखा केला आणि माइकची वाट न बघता सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “मुझे है. सुबह से मेरा फोन एक बार भी नहीं बजा.”